मधुमेह, स्वादुपिंड आणि कॉन्ट्रास्ट एमआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पोटाचे एमआरआय वाचणारी डॉक्टर आहे. मधुमेह असलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक स्कॅनच्या आधी आणि नंतर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न वैद्यकीय विद्यार्थ्यांचेही आहेत. ही उत्तरं वाचून कोणाचा खर्च वाचला किंवा कोणाचा आजार वेळेत सापडला, तर मला दोन्हींचा सारखाच आनंद होईल.

मला मधुमेह आहे. स्वादुपिंडाचा एमआरआय करून घेऊ का?

बहुतेकांना गरज नाही. मधुमेहाचं निदान रक्तातल्या साखरेवरून आणि एचबीएवनसीवरून, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवरून होतं. शरीर स्वतः किती इन्सुलिन तयार करतंय हे बघायचं असेल तर सी-पेप्टाइड तपासतात. आजार टाइप १ आहे का, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिनच्या पेशींवर उलटली आहे का, अशी शंका असेल तर त्या हल्ल्याची खूण असलेल्या गॅडसारख्या अँटिबॉडीज तपासतात. या प्रश्नांची उत्तरं रक्ताच्या थेंबात मिळतात, चुंबकात जाऊन मिळत नाहीत.

काही थोड्या लोकांना मात्र हा स्कॅन लवकर करणं फार गरजेचं असतं. ते कोण, हे पुढे सविस्तर लिहिलं आहे. घाईत असाल तर निदान ते एक उत्तर वाचाच.

स्वादुपिंडाचा मधुमेहाशी संबंध आहे हे कसं कळलं?

१८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. पुढे १९२१-२२ मध्ये टोरांटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांच्या हातून इन्सुलिन रुग्णांपर्यंत पोचलं. म्हणजे मूळ कुठे आहे हे आपल्याला शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. पण जिवंत माणसाच्या त्या मुळाशी काय चाललंय, हे बघण्याची सोय आजही अपुरी आहे.

मग एमआरआयमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिसतात का?

नाही. हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबते.

मोठ्या माणसाचं स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्यासमोर आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्यातला जवळजवळ सगळा भाग पाचकरस तयार करतो. लँगरहान्सला दिसलेले ते पुंजके, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असलेली ‘बेटं’, एकूण आकारमानाच्या फक्त १ ते २ टक्के असतात. संख्येने ती दहा लाखांच्या घरात, पण एकेक बेट मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंतचं. आणि ती एका ठिकाणी नसतात. भाकरीच्या पिठात तीळ मळावेत तशी ती अख्ख्या अवयवात विखुरलेली असतात.

आता एमआरआयचं चित्र बघा. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये चित्राचा सर्वांत लहान ठिपका साधारण दीड मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असतो. ढोबळ हिशेब केला तर अशा एका ठिपक्यात पन्नासेक बेटं सामावतात, आणि त्या ठिपक्याचा ९८ टक्के भाग दुसऱ्याच पेशींनी भरलेला असतो. तिथून जो संदेश येतो तो सगळ्यांच्या आवाजाची सरासरी असतो. त्यातून बीटा पेशींचा, म्हणजे बेटांतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा, आवाज वेगळा काढायचा, तर त्यांच्या स्वभावातली एखादी खास गोष्ट पकडावी लागते. कॉन्ट्रास्ट वापरून चाललेलं मधुमेहाचं बरंचसं संशोधन हीच खास गोष्ट शोधत आलं आहे.

कॉन्ट्रास्ट म्हणजे ते ‘रंगाचं इंजेक्शन’ ना?

हो, बोलताना तसंच म्हणतात, पण त्यात रंग नसतो. द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. औषधातल्या या धातूच्या आयनात (विद्युतभारित अणूत) जोडी नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो चुंबकीय क्षेत्रात आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंवर जोरदार परिणाम करतो. ते रेणू लवकर पूर्वस्थितीला येतात आणि टी-१ प्रकारच्या चित्रात तो भाग उजळतो. आपल्याला दिसतो तो गॅडोलिनियमचा शेजारच्या पाण्यावर झालेला परिणाम. धातू स्वतः दिसत नाही.

सुटा गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून तो एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत घट्ट बांधून देतात. असं पहिलं औषध १९८८ मध्ये वापरात आलं. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला औषधाच्या तीव्रतेनुसार ६ किंवा १२ मिलिलिटर, म्हणजे फार तर अडीच चमचे. मूत्रपिंडं चांगली असतील तर साधारण दीड तासात रक्तातलं निम्मं औषध लघवीवाटे जातं.

सीटी स्कॅनला देतात ते आयोडीनचं औषध. ते वेगळं आणि त्याचे नियमही वेगळे. या दोन्हींची गल्लत फार होते.

इंजेक्शन दिल्यावर स्वादुपिंडात नेमकं काय बघता?

आधी इंजेक्शनशिवायची चित्रं काढतो. चरबीचा संदेश दाबलेल्या टी-१ चित्रात निरोगी स्वादुपिंड पोटातल्या इतर अवयवांपेक्षा उठून चमकतं, कारण त्याच्या पेशी पाचक प्रथिनांनी गच्च भरलेल्या असतात. ही चमक कमी झाली असेल तर सूज, तंतुमयता किंवा गाठ यांपैकी काहीतरी असू शकतं.

मग इंजेक्शन देतो आणि घड्याळ सुरू होतं. स्वादुपिंडाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे साधारण ३५ ते ४५ सेकंदांत ते सर्वांत जास्त उजळतं. त्यानंतर यकृताकडच्या शिरा भरतात, आणि काही मिनिटांनी औषध पेशींच्या मधल्या जागेत पसरतं. कर्करोगाची गाठ बहुधा तंतूंनी भरलेली आणि रक्ताला पारखी असते, म्हणून ती सुरुवातीच्या सेकंदांत काळपट राहते. इन्सुलिन किंवा इतर संप्रेरकं तयार करणाऱ्या गाठी उलट, त्या आधीच झळाळतात. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे येणाऱ्या स्वादुपिंडाच्या सुजेत, स्वादुपिंडाच्या वळ्या पुसल्या जाऊन ते गुळगुळीत आणि फुगीर दिसतं, हळूहळू उजळतं आणि कधीकधी त्याच्याभोवती सालीसारखी कड दिसते. या आजारातही साखर वाढते आणि स्टिरॉइड दिल्यावर काहींची साखर सुधारते. म्हणून ही खूण ओळखता आली की मला विशेष समाधान वाटतं.

संशोधनात याच्या पुढची पायरी आहे. दर काही सेकंदांनी चित्रं घेत राहायचं, प्रत्येक ठिपक्याचा उजळण्याचा आलेख काढायचा आणि त्यावरून गणित मांडायचं. औषध किती वेगाने केशवाहिन्यांबाहेर झिरपतं, बाहेरची जागा किती, परत किती वेगाने येतं, हे त्यातून कळतं. मधुमेहात यात रस असण्याचं कारण असं, की बेटांना त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त रक्त लागतं. प्राण्यांवरच्या मोजमापांत अवयवाच्या १-२ टक्के असलेली बेटं १० ते १५ टक्के रक्त घेताना दिसली आहेत. अडचण ही, की स्वादुपिंड श्वासाबरोबर वरखाली सरकतं, शेजारी आतडी हलत असतात आणि त्यांतली हवा चित्र बिघडवते. दोन केंद्रांतले आकडे म्हणूनच सहज जुळत नाहीत.

कोणत्या मधुमेही माणसाने हा स्कॅन टाळू नये?

वय पन्नाशीच्या पुढे, घरात मधुमेहाचा फारसा इतिहास नाही, आणि अचानक साखर वाढली. सोबत वजन आपोआप घटतंय. किंवा इतकी वर्षं गोळ्यांवर आटोक्यात असलेली साखर खाण्यापिण्यात काही बदल नसताना एकदम बिघडली. किंवा पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारं दुखणं, काविळीची छटा, तेलकट तरंगणारी शी. अशा वेळी स्वादुपिंडाचं चित्र काढायलाच हवं.

यामागे ठोस आकडा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सुरेश चारी यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं, की पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या दर शंभरातल्या जवळजवळ एका व्यक्तीला, नेमकं सांगायचं तर ०.८५ टक्के लोकांना, पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. याचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे: ९९ जणांना तसलं काही नव्हतं. म्हणून प्रत्येक नव्या मधुमेहीला चुंबकात पाठवणं बरोबर नाही, आणि वजन घटत असलेल्याला ‘शुगरमुळेच घटतंय’ म्हणून सोडून देणंही बरोबर नाही.

आपल्याकडे एक गोष्ट मी वारंवार बघते आणि दर वेळी जीव तुटतो. काकांचं वजन सात-आठ किलोंनी उतरतं आणि घरचे खूश होतात. ‘गोड सोडलं, फिरायला जातात, बघा कसे बारीक झाले.’ प्रयत्नांनी उतरलेलं वजन आणि आपोआप उतरलेलं वजन यांतला फरक घरच्यांनाच सर्वांत आधी कळू शकतो. भूक कमी झाली आहे का, नेहमीचं जेवण अर्धं ताटात राहतंय का, एवढं पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

स्वादुपिंडाला आधीच इजा झालेल्यांचा मधुमेह हा आणखी एक गट. पुन्हापुन्हा झालेली सूज, दारूमुळे झालेला जुना आजार, शस्त्रक्रिया. आपल्या देशात यात स्वादुपिंडात खडे होऊन तरुणपणी येणाऱ्या मधुमेहाची भर पडते. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी त्याचे खूप रुग्ण नोंदवले, आणि पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानेही त्यावर काम केलं. एक सांगायला हवं, की खडे एमआरआयपेक्षा सीटीवर चांगले दिसतात. एमआरआयचा उपयोग स्वादुपिंडातल्या नळीची रुंदी, अडथळे आणि शंकास्पद गाठ बघायला होतो.

टाइप १ मध्ये संशोधकांना चित्र कशासाठी हवं आहे? रक्ताने भागत नाही का?

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करते. हा हल्ला लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी, कधी काही वर्षं, सुरू असतो. रक्तातल्या अँटिबॉडीज सांगतात की वैर सुरू झालं आहे. पण या घडीला स्वादुपिंडात जळतंय का विझलंय, हे त्या सांगत नाहीत. सी-पेप्टाइड सांगतं ते उरलेल्या कामाबद्दल. सूज किती आहे याबद्दल ते गप्प असतं.

मग तुकडा काढून तपासावा का? नॉर्वेतल्या डिव्हिड अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाच्या शेपटीचा छोटा तुकडा काढला होता. त्यातून अमूल्य माहिती मिळाली, पण शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाल्यामुळे तो थांबवावा लागला. त्या सहा जणांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण हा रस्ता सगळ्यांसाठी नाही, हे त्यातून कळलं. इजा न करता आत डोकावता येईल असं काहीतरी हवं होतं.

लोहाच्या सूक्ष्म कणांचा प्रयोग तो हाच का?

हाच. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग.

विचार असा होता. बेटांत सूज आली की तिथल्या केशवाहिन्या गळू लागतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जमतात. रक्तात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडले, तर ते गळक्या जागेतून बाहेर पडतील आणि भक्षक पेशी ते गिळतील. लोहामुळे टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तो भाग काळवंडेल. गॅडोलिनियम उजळवतं, लोह काळं करतं. आणि इथे एकेक बेट दिसण्याची गरजच उरत नाही, कारण जमलेल्या लोहाने अख्ख्या ठिपक्याचा संदेश बदलतो.

बोस्टनमध्ये डायन मॅथिस, क्रिस्टोफ बेन्वा आणि राल्फ वाइसलेडर यांच्या गटांनी २००४-०५ च्या सुमारास आधी उंदरांवर हे करून दाखवलं. उंदरांना अँटी-सीडी३ प्रकारचं, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना आवरणारं, औषध दिल्यावर कोणात सूज उतरतेय हेही चित्रांत दिसलं. त्यानंतर २०११ मध्ये जेसन गाग्लिया आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फेरुमॉक्स्ट्रॅन-१० नावाचे कण देण्याआधी एक आणि ४८ तासांनी दुसरा असे दोन एमआरआय काढले. नुकताच टाइप १ झालेल्यांच्या आणि निरोगी लोकांच्या स्वादुपिंडात फरक दिसला. २०१५ मध्ये त्यांनी फेरुमॉक्सिटॉल नावाचे दुसरे लोहकण वापरून अख्ख्या स्वादुपिंडाचा त्रिमितीय नकाशा काढला. तेव्हा सूज माणसामाणसांत आणि एकाच अवयवाच्या भागाभागांत वेगवेगळी असल्याचं दिसलं.

याचं महत्त्व आज वाढलं आहे. अँटी-सीडी३ याच जातीचं टेप्लिझुमॅब हे औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. टाइप १ च्या उंबरठ्यावर असलेल्यांत ते आजार पुढे ढकलतं. मूळ चाचणीत हा काळ सुमारे दोन वर्षांचा होता. आठ वर्षांच्या मुलाच्या आईला विचारा, इन्सुलिनशिवायची दोन वर्षं म्हणजे काय. पण औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. कोणाला लागू पडतंय हे साखर बिघडण्याची वाट न बघता चित्रात कळलं, तर उपचार वेळेत बदलता येतील.

मग हा स्कॅन आपल्याकडे करून मिळेल का?

नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून नाही. ही संशोधनाची पद्धत आहे. फेरुमॉक्सिटॉल हे मुळात मूत्रपिंडाच्या आजारातल्या रक्तक्षयासाठीचं लोहाचं औषध, २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. त्याने क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी येते, म्हणून २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापला गेला. शिवाय ते घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्या कोणत्याही एमआरआयचं चित्र बदलू शकतं. कोणी ‘टाइप १ लवकर ओळखणारा खास एमआरआय’ म्हणून पॅकेज विकत असेल, तर पैसे देऊ नका.

मँगनीज आणि जस्ताबद्दल वाचलं होतं. ते काय आहे?

बीटा पेशीची खास गोष्ट पकडण्याच्या या आणखी दोन युक्त्या. साखर वाढली की बीटा पेशीची कॅल्शियमची दारं उघडतात आणि मग इन्सुलिन बाहेर पडतं. मँगनीजचा कण कॅल्शियमसारखाच त्या दारांतून आत शिरतो, आणि मँगनीज चित्रात उजळतं. म्हणजे जी पेशी कामाला लागली तीच चमकणार. उंदरांत हे चांगलं जमलं. माणसांत, जिनिव्हातल्या एका गटाने २०१२ मध्ये मँगनीजचं जुनं औषध दिलेल्या रुग्णांची चित्रं परत तपासली, तर टाइप २ असलेल्यांचं स्वादुपिंड कमी उजळलेलं आढळलं. दुर्दैवाने ते औषध बाजारातून गेलं.

जस्ताची कल्पना तर फारच देखणी आहे. बीटा पेशी इन्सुलिन साठवते ते सहा रेणूंची मोळी बांधून, आणि ती मोळी जस्ताने बांधलेली असते. इन्सुलिन सुटलं की जस्तही सुटतं. टेक्सासमधल्या डीन शेरी यांच्या गटाने जस्त भेटलं की जास्त उजळणारं गॅडोलिनियमचं औषध बनवलं, आणि २०११ मध्ये उंदरांना साखर दिल्यावर स्वादुपिंड उजळताना दाखवलं.

बेटांचं प्रत्यारोपण करतात, त्यात एमआरआयचा उपयोग होतो का?

झाला आहे. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शॅपिरो यांच्या गटाने सात रुग्णांत यशस्वी प्रत्यारोपण केल्यावर या उपचाराला बळ आलं. दात्याची बेटं रुग्णाच्या यकृतात सोडतात. ती तिथे टिकली का, हा मोठा प्रश्न असतो. बेटं सोडण्याआधी त्यांना लोहकण पाजून ठेवले, तर यकृतात ती काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. जिनिव्हात २००८ मध्ये चार रुग्णांत आणि पुढे प्रागमध्येही हे करून बघितलं. मात्र मेलेल्या बेटातलं लोह काही काळ तसंच राहू शकतं, त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे बेट जिवंत असंच म्हणता येत नाही.

टाइप २ मध्ये स्वादुपिंडातली चरबी बघतात असं ऐकलं. त्याला इंजेक्शन लागतं का?

लागत नाही. चरबी आणि पाणी यांचे संदेश मुळातच वेगळे असतात, डिक्सन नावाच्या पद्धतीने ते सोडवता येतात.

न्यूकॅसलमधल्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये टाइप २ असलेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. स्वादुपिंडातली चरबी सरासरी ८ वरून ६.२ टक्क्यांवर आली आणि साखर वाढताच लगेच सुटणारा इन्सुलिनचा पहिला झटका परत येऊ लागला. २०२० मध्ये त्याच परंपरेतल्या अभ्यासात, मधुमेह माघारी गेलेल्यांचं आक्रसलेलं स्वादुपिंड दोन वर्षांत पुन्हा मोठं झाल्याचं दिसलं. मला हे कोणत्याही इंजेक्शनच्या चित्रापेक्षा दिलासा देणारं वाटतं. पण असला कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका, विशेषतः साखर उतरवणारी औषधं चालू असताना.

आपल्यासाठी यात वेगळा धडा आहे. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मधला शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या आत चरबी लपलेली असू शकते. ‘मी तर बारीक आहे, मला कसा मधुमेह?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या फोटोत आहे.

टाइप १ मधलं आकाराचं मोजमापही इंजेक्शनशिवायच होतं. निदान होऊन थोडेच महिने झालेल्यांचं स्वादुपिंड सरासरी २६ टक्के लहान असल्याचं ब्रिस्टलच्या गटाने २०१२ मध्ये नोंदवलं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात वारंवार रक्त दिल्याने स्वादुपिंडात साठणारं लोहदेखील कॉन्ट्रास्टविना मोजता येतं.

माझं क्रिएटिनिन वाढलेलं आहे. इंजेक्शन चालेल का?

मधुमेहींसाठी हा सर्वांत महत्त्वाचा सुरक्षेचा प्रश्न, कारण रक्तातलं क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंडं कमजोर झाल्याची खूण असू शकते. २००६ मध्ये लक्षात आलं, की मूत्रपिंडं खूप निकामी झालेल्या काही रुग्णांत गॅडोलिनियमनंतर त्वचा आणि आतले अवयव घट्ट होत जाणारा एनएसएफ हा गंभीर आजार होतो. दोष मुख्यतः जुन्या, सैल पकडीच्या औषधांचा होता. धातूला पिंजऱ्यासारखं चहूबाजूंनी कोंडणाऱ्या मॅक्रोसायक्लिक औषधांत हा धोका अत्यंत कमी आहे. युरोपात २०१७ मध्ये सैल पकडीच्या बऱ्याच औषधांचा शिरेतला वापर थांबवला गेला.

तरी नुसतं क्रिएटिनिन बघू नका, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज, विचारा. तो ३० च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर स्कॅनच्या आधीच रेडिओलॉजिस्टला सांगा. कोणतं औषध देणार आहात, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मेटफॉर्मिन बंद करावं लागतं का?

गॅडोलिनियमसाठी नाही. मेटफॉर्मिन थांबवण्याचा सल्ला आयोडीनच्या औषधासाठी असतो, आणि तोही मूत्रपिंडं कमजोर असतील तेव्हा.

उपाशी यायचं म्हणतात. शुगर उतरली तर?

पोट आणि आतडी शांत राहावीत म्हणून चार ते सहा तास उपाशी ठेवतात. मधुमेहींनी नंबर लावतानाच ‘मला शुगर आहे, सकाळची पहिली वेळ द्या’ असं सांगावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन उपाशी बसलात तर साखर धोकादायक उतरू शकते, म्हणून त्या सकाळी काय घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. टाइप १ असेल तर बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. सोबत येणाऱ्याच्या पिशवीत ग्लुकोज आणि बिस्किटं असू द्या. घाम, थरथर, धडधड जाणवली तर हातातली घंटी दाबा. स्कॅन पुन्हा करता येतो.

दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिन पंप यांचं काय?

पंप चुंबकाच्या खोलीत न्यायचाच नाही. सेन्सरचे नियम मॉडेलनुसार वेगळे आहेत आणि बदलतही असतात, म्हणून त्याच्यासोबतचं माहितीपत्रक बघा. सेन्सर काढावाच लागणार असेल, तर तो बदलण्याच्या दिवशीच स्कॅन ठरवला की पैसे वाया जात नाहीत. पंप किती वेळ बंद राहील आणि तोवर काय करायचं, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना घरीच काढून ठेवा. घट्ट बसलेली जोडवी ऐन वेळी निघत नाहीत आणि मग सगळ्यांचीच धावपळ होते.

आत किती वेळ लागतो? श्वास रोखता आला नाही तर?

साधारण अर्धा ते पाऊण तास. अधूनमधून १५-२० सेकंद श्वास रोखायला सांगतात. घरी दोनचारदा सराव करून या, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. श्वास सोडून रोखायला सांगितलं तर दर वेळी सारखाच सोडा, म्हणजे स्वादुपिंड त्याच जागी थांबतं. अजिबात जमत नसेल तर आधी सांगा. श्वासाच्या लयीशी जुळवून घेणारी चित्रं काढता येतात, वेळ थोडा जास्त लागतो.

गॅडोलिनियम मेंदूत साठतं, हे खरं आहे का?

अगदी थोडा अंश साठतो, हे खरं आहे. २०१४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूतल्या काही भागांत बदललेली चमक नोंदवली. मूत्रपिंडं चांगली असलेल्यांतही हे दिसतं. पिंजरा पद्धतीच्या औषधांत साठण्याचं प्रमाण बरंच कमी आहे, आणि त्यामुळे मेंदूला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी गरज नसताना इंजेक्शन देऊ नये, या मताची मी आहे. गरोदरपणात ते टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र साधारणपणे पाजणं थांबवावं लागत नाही.

असल्या संशोधनात भाग घ्यायचा असेल तर काय बघावं?

भारतात औषधांच्या आणि उपचारांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, तिथे क्रमांक शोधता येतो. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन सावकाश वाचा. कोणतं कॉन्ट्रास्ट, किती वेळा, दोन इंजेक्शनांत किती अंतर, ॲलर्जी आली तर खर्च कोणाचा, हे विचारा. आणखी एक प्रश्न लोक विसरतात: स्कॅनमध्ये भलतंच काही सापडलं तर मला कोण, कधी सांगणार? वाढत्या वयात स्वादुपिंडात लहान पाण्याच्या गाठी पुष्कळांना सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. काहींवर मात्र ठरावीक काळाने लक्ष ठेवावं लागतं. त्याची जबाबदारी कोण घेणार, हे संमतिपत्रात लिहिलेलं नसेल, तर सही करण्याआधी लिहून घ्या.